हलवताच बदलणाऱ्या चित्रांची निवड आणि तयारी

देवळाबाहेरच्या दुकानांत, फ्रेम केलेल्या फोटोंच्या रांगेत एखादं तरी चित्र असं सापडतं की त्याच्यासमोरून चालत गेलं की गणपतीची लक्ष्मी होते आणि आणखी दोन पावलांवर सरस्वती. कंपासपेटीतली डोळा मिचकावणारी पट्टी, चित्र बदलणारी किल्लीची साखळी ही सगळी त्याच जातीची. नीट निरखलं तर मात्र पुष्कळदा लक्ष्मीच्या गालावर गणपतीची सोंड अंधूकशी लोंबताना दिसते. भाविकांचं त्यावाचून काही अडत नाही. पण दुकानाच्या कार्डावर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा प्रदर्शनातल्या पोस्टरवर अशी सोंड उमटली की छापखान्याच्या नावाने बोटं मोडली जातात. खरं तर निम्मा घोळ छपाईच्या कितीतरी आधी, चित्रं निवडतानाच झालेला असतो.

अशी चित्रं ज्यावर छापतात त्या लेंटिक्युलर शीटवरून नख फिरवलं की एका दिशेने खरखर लागते आणि दुसऱ्या दिशेने नख सुळकन घसरतं. ती खरखर म्हणजे एकमेकांना खेटून ओळीने बसलेली अर्धदंडगोल भिंगं. शीटची मागची बाजू सपाट असते. चित्र तिथे थेट छापतात किंवा छापलेला कागद तिथे चिकटवतात. दोन चित्रं दाखवायची असतील तर दोन्हींच्या बारीक पट्ट्या करून त्या एकाआड एक रचतात, म्हणजे प्रत्येक भिंगाखाली दोन्ही चित्रांची एकेक पट्टी येते. या रचनेला इंटरलेसिंग म्हणतात. डोळा ज्या कोनात असेल त्या कोनातून भिंग त्यातली एकच पट्टी आपल्या पूर्ण रुंदीभर फुगवून दाखवतं. कोन बदलला की शेजारची पट्टी पुढे येते.

चित्र निवडण्याआधी करायचा पहिला हिशेब इथेच आहे. एका इंचात किती भिंगं बसतात तो आकडा म्हणजे शीटचा एलपीआय. ७५ एलपीआयच्या शीटमध्ये एक भिंग सुमारे ०.३४ मिलिमीटरचं असतं, ४० एलपीआयमध्ये ०.६४ मिलिमीटरचं, तर २० एलपीआयमध्ये जवळपास सव्वा मिलिमीटरचं. भिंगाच्या आडव्या छेदात याहून बारीक काहीही दिसू शकत नाही, मग फोटो कितीही मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला असो. हातात धरायच्या कार्डासाठी साधारण ७५ ते १०० एलपीआय वापरतात, भिंतीवरच्या पोस्टरसाठी ४० ते ६०, आणि लांबून पाहायच्या मोठ्या फलकासाठी २०च्या आसपास. साडेतीन बाय दोन इंचांच्या कार्डावर ७५ एलपीआयची भिंगं आडवी बसवली तर दोन इंचांच्या उंचीत मोजून १५० ओळी मिळतात. एवढ्याशा ओळींत पैठणीच्या पदरावरचा मोठा मोर टिकेल; काठावरची नाजूक वेलबुट्टी टिकणार नाही. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर चित्र टपाल तिकिटाएवढं करून पाहावं. तेवढ्या आकारात ते चटकन ओळखू आलं तर पुढचा विचार करावा.

आता त्या सोंडेकडे. भिंगं कधीच शंभर टक्के अचूक नसतात, शाई कडेने थोडी पसरते, शीट केसभर सरकते. परिणामी शेजारच्या पट्टीतला थोडासा उजेड नको तिथे झिरपतो आणि एका चित्रात दुसऱ्याची सावली राहते. छपाईवाले याला घोस्टिंग म्हणतात. ते पूर्ण घालवता येत नाही, पण किती दिसेल हे बऱ्याच अंशी चित्रं निवडणाऱ्याच्या हातात असतं. दोन चित्रांत एकाच जागी जितका उजेड-अंधाराचा फरक जास्त, तितकी सावली ठळक. त्यामुळे पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर काळा कोट घातलेला माणूस आणि दुसऱ्या चित्रात तीच पांढरी पार्श्वभूमी रिकामी, ही सर्वांत वाईट जोडी. माणूस गेल्यावरही त्याचा करडा आकार तिथे उभाच राहतो. छायाचित्रकारांना आवडणारा कडक कॉन्ट्रास्ट आणि डिझायनरांची लाडकी मोकळी पांढरी जागा, दोन्ही इथे अंगाशी येतात. स्पर्धेत बक्षीस मिळवणारा फोटो लेंटिक्युलरवर सपशेल पडू शकतो आणि अल्बममध्ये दुर्लक्षित राहिलेला मधल्या छटांचा, थोडा गजबजलेला फोटो उत्तम चालतो. तेव्हा एकट्या चित्राची परीक्षा करण्यात अर्थ नाही. शेजारी कोण आहे ते पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

जोडी कशी शोधावी, याचा धडा मराठी वाचकाला दिवाळी अंकांनी फार पूर्वीच दिलेला आहे. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या 'आवाज'मधली खिडकीचित्रं आठवून पाहावीत. पानाला कापलेली खिडकी बंद असते तेव्हा वाचकाच्या मनात नको ती शंका येते आणि खिडकी उघडली की भलतंच निरुपद्रवी काहीतरी निघतं. गंमत यासाठी जमते की खिडकीबाहेरचं पान जसंच्या तसं राहतं आणि बदलतो तो तेवढा तुकडा. लेंटिक्युलरच्या दोन चित्रांचं नातं असंच असलं तर निम्मं काम झालं. न बदलणाऱ्या भागात घोस्टिंग होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण दोन्ही पट्ट्यांवर एकच गोष्ट छापलेली असते. शिवाय पाहणाऱ्याची नजर थेट बदलणाऱ्या जागेवर जाते.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचं उदाहरण घेण्यासारखं आहे. मे महिन्यातला तपकिरी कातळ आणि सप्टेंबरमधला फुलांचा गालिचा ही जोडी सुचायला सोपी, पण दोन फोटो दोन ठिकाणांहून काढलेले असतील तर हाती गोंधळच येतो. तेच पठार, तीच उंची, तीच लेन्स, क्षितिजाची रेघ दोन्हींत एकाच जागी, एखादा मोठा दगड किंवा झाड खुणेला. मग बदलतो तो फक्त जमिनीचा रंग. तपकिरी आणि जांभळा या दोन्ही मधल्या छटा असल्यामुळे सावलीही फारशी जाणवत नाही. अडचण आकाशाची. मेमधलं पांढुरकं आणि सप्टेंबरमधलं ढगाळ आकाश एकमेकांतून डोकावेल. तेव्हा दोन्ही फोटोंत एकच आकाश बसवावं. वृत्तछायाचित्रणात ही लबाडी ठरेल, इथे ती गरज आहे. जुना वाडा आणि दुरुस्तीनंतरचा वाडा, रिकामं आणि सजवलेलं दालन अशा 'आधी-नंतर'च्या सगळ्याच जोड्यांना हे लागू पडतं.

दोन्ही चित्रं अगदीच वेगळी असणं अटळ असेल, उदाहरणार्थ एका कोनातून दुकानाचं बोधचिन्ह आणि दुसऱ्यातून मालाचा फोटो, तरी काही उपाय उरतात. दोन्हींच्या पार्श्वभूमीला एकच मध्यम रंग किंवा नक्षी द्यावी. मुख्य आकार एकमेकांवर येतील असे, जवळपास एकाच मापाचे ठेवावेत. निव्वळ काळा थोडा फिका करावा, निव्वळ पांढरा थोडा मळवावा. मग एक चित्र दुसऱ्यावर ठेवून वरच्याची पारदर्शकता थोडी वाढवून पाहावी: खालचा आकार चटकन ओळखू येत असेल तर छापल्यावरही तो येणारच.

थोडंच बदलायचं आणि बाकीचं स्थिर ठेवायचं, या पथ्याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण म्हणजे रोलिंग स्टोन्स या बँडच्या १९६७च्या 'देअर सॅटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट' या अल्बमचं मुखपृष्ठ. छायाचित्रकार मायकेल कूपरच्या त्या फोटोत वेशभूषा, मांडणी, पार्श्वभूमी सगळं भरगच्च आणि रंगीबेरंगी आहे. तबकडीचं वेष्टन हलवलं की वादकांचे चेहरे एकमेकांकडे वळतात आणि गायक मिक जॅगरचे हात एकमेकांवर येतात. बाकी दृश्य जागचं हलत नाही.

चित्रं ठरली की भिंगांची दिशा ठरवावी. ही गोष्ट अनेकदा छापखान्यावर सोडली जाते आणि तिथेच फसते. माणसाचे दोन डोळे सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असतात. कार्ड ४० सेंटिमीटरवर धरलं तर दोन डोळ्यांच्या नजरांत नऊ अंशांहून जास्त फरक पडतो. भिंगं उभी असतील तर उजव्या डोळ्याला एक चित्र आणि डाव्याला दुसरं, असं मधल्या टप्प्यात होतं आणि बदल झटक्यात न होता चिखल झाल्यासारखा दिसतो. म्हणून हातातल्या कार्डावर दोन चित्रांची अदलाबदल हवी असेल तर भिंगं आडवी ठेवावीत आणि कार्ड वर-खाली कलवायला लावावं; दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी एकच चित्र दिसतं. भिंतीवरच्या पोस्टरचं गणित वेगळं. दोन मीटरवरून पाहताना तोच फरक दोन अंशांच्या आत येतो, आणि पोस्टरसमोरून माणसं डावीकडून उजवीकडे चालत जातात, त्यामुळे तिथे उभी भिंगं चालतात. थ्रीडी हवं असेल तर मात्र भिंगं उभीच लागतात, कारण तिथे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसणं हाच सगळा खेळ असतो.

दिशेचा विचार किती दूर नेता येतो हे स्पेनमधल्या एका पोस्टरने दाखवलं. मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आनार फाउंडेशनने २०१३ मध्ये रस्त्यावर एका मुलाच्या चेहऱ्याचं लेंटिक्युलर पोस्टर लावलं. मोठ्या माणसाच्या उंचीवरून पाहिलं की उदास चेहरा आणि एक सर्वसाधारण इशारा दिसे. लहान मुलाच्या उंचीवरून पाहिलं की त्याच चेहऱ्यावर मारहाणीच्या खुणा आणि मदतीसाठी फोन करायचा क्रमांक दिसे. सोबत मारणाराच उभा असला तरी त्याला तो क्रमांक दिसू नये, ही कल्पना. तंत्र म्हणून पाहिलं तर एकाच मुलाचा एकच फोटो, एकाच जागी. बदल गालाओठांवरच्या जखमांचा आणि मजकुराचा. आडवी भिंगं आणि पाहणाऱ्याची उंची, एवढ्यावर काम झालं. 

हालचाल दाखवायची असेल तर मोह आवरावा लागतो. एका भिंगाखाली किती फ्रेम, म्हणजे किती वेगळी चित्रं, मावतात याला मर्यादा आहे: प्रिंटर इंचाला ७२० ठिपके छापत असेल आणि शीट ६० एलपीआयची असेल तर भागाकार १२ येतो. या बारा फ्रेममध्ये व्हिडिओ बसत नाही, एक लकब बसते. लेझीम पुढे झुकून मागे घेण्याची एक लय, फुगडीची गिरकी, गोलंदाजाच्या हाताचा फेरा अशा परत सुरुवातीला येणाऱ्या हालचाली निवडाव्यात, कारण शीट आणखी कलवली की शेवटच्या फ्रेमनंतर पहिली फ्रेम एकदम उडी मारून येते. हालचाल मोठी, माणूस एकच किंवा फार तर दोन, मागचं मैदान स्थिर. चाळीस जणांचं लेझीम पथक दुरून टिपलेलं असेल तर नुसती वळवळ दिसेल. सुरुवातीची आणि शेवटची मुद्रा प्रत्येकी दोन-तीन फ्रेम तशीच धरून ठेवली तर डोळ्याला टेकायला जागा मिळते; नाहीतर सगळंच निसटतं.

मजकुराबाबत इंग्रजी छपाईचे ठोकताळे देवनागरीला पुरत नाहीत. आडव्या भिंगांवर शिरोरेखा भिंगाला समांतर येते. ती एका भिंगापेक्षा बारीक असेल तर कुठे दिसते, कुठे गायब होते. शीट किंचित तिरकी बसली तर तिच्या पायऱ्या पडतात. अनुस्वार आणि रफार यांचं तर विचारूच नये. 'मंदिर' या शब्दावरचा ठिपका उडाला की देणगीच्या पत्रिकेवर काय वाचलं जाईल, याचा अंदाज प्रत्येकाने करावा. म्हणून अक्षरवळण जाड आणि सारख्या जाडीचं घ्यावं, शिरोरेखा निदान दोन-तीन भिंगांइतकी, म्हणजे ७५ एलपीआयवर सुमारे पाऊण ते एक मिलिमीटर ठेवावी. अक्षरांना एकच भरीव रंग द्यावा आणि पार्श्वभूमी मध्यम ठेवावी. नाव किंवा शीर्षक बदलायचं नसेल तर ते सर्व फ्रेममध्ये तंतोतंत एकाच जागी असावं. पत्ता, फोन क्रमांक आणि 'येण्याचे करावे ही विनंती' थाटाचा मजकूर कार्डाच्या पाठीवर, साध्या छपाईत टाकणं शहाणपणाचं.

थ्रीडी हा वेगळाच प्रांत आहे. इथे चित्रात खोलीच्या पायऱ्या आधीपासून हव्यात. गणपतीच्या सजावटीचा फोटो त्यासाठी आदर्श: मागे पडदा, त्यापुढे मखर, मखरात मूर्ती, पुढे समई आणि सर्वांत पुढे मोदकांचं ताट. या पाच गोष्टी कापून पाच लेयर करता येतात. प्रत्येक लेयर प्रत्येक फ्रेममध्ये थोडाथोडा बाजूला सरकवला की डोळ्याला तो मागे किंवा पुढे भासतो. सरकताना त्याच्यामागची झाकलेली जागा उघडी पडते, म्हणून मूर्तीमागचं मखर आणि मखरामागचा पडदा हाताने रंगवून पूर्ण करावा लागतो. खरी मेहनत यात जाते. सॉफ्टवेअरने आपोआप बनवलेल्या खोलीच्या नकाशावर विसंबलं तर मूर्तीच्या कडा रबरासारख्या ताणल्या जातात. उदबत्तीचा धूर, फेट्याचा झिरमिळता तुरा, मोकळे केस, काचेचं झुंबर या गोष्टी कापायला कर्मकठीण, तेव्हा पर्याय असेल तर त्या नसलेला फोटो घ्यावा.

मुख्य विषय, विशेषतः चेहरा किंवा डोळे, आणि सगळा मजकूर कागदाच्याच पातळीवर ठेवावा. तिथे सरकणं शून्य असतं, म्हणून तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतं. त्याच्या फार मागे आणि फार पुढे गेलेलं सगळं दुहेरी आणि धूसर होत जातं. मागे धुक्यातले डोंगर किंवा आकाश असेल तर हे खपून जातं. पिंपळाची सळसळती पानं असतील तर डोकं दुखतं. आणखी एक चूक वारंवार दिसते: पुढे आलेली वस्तू चौकटीच्या कडेने कापलेली असते. मोदकांचं ताट पुढे तरंगतंय असं डोळे सांगतात, पण चौकट त्याला कापते म्हणजे ते मागे असलं पाहिजे असं मेंदू म्हणतो. या भांडणात थ्रीडी संपतं. पुढे येणारी वस्तू पूर्णपणे चौकटीच्या आत ठेवावी.

लेयर कापण्याऐवजी खरोखरच वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढण्याचा मार्गही आहे. अमेरिकेतल्या 'लुक' नियतकालिकाने फेब्रुवारी १९६४च्या अंकात असं थ्रीडी चित्र जोडून दिलं होतं, त्याचा विषय होता थॉमस एडिसनचा अर्धपुतळा आणि त्याभोवती मांडलेले त्याचे शोध. विषयाची निवड बघण्यासारखी आहे. पुतळा पापणी हलवत नाही, त्यामुळे कॅमेरा सावकाश बाजूला सरकवत फोटो घेता येतात. घरी हेच करायचं तर मोबाइल एका सरळ पट्टीवरून, उंची न बदलता, समान अंतरांनी सरकवावा. जिवंत माणसासाठी मात्र हे जमत नाही. दोन फोटोंच्या मध्ये त्याने श्वास घेतला तरी खांदा हलतो. म्हणूनच १९८०च्या दशकात निमस्लोसारखे चार लेन्सचे, एकाच क्षणी चार फोटो टिपणारे कॅमेरे आले.

छापखान्याला फाइल देताना स्वतःहून कमी केलेलं बरं. आधी छापखान्याला चार प्रश्न विचारावेत: शीट किती एलपीआयची, भिंगांची दिशा कुठली, जास्तीत जास्त किती फ्रेम चालतील आणि कडेने किती ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी जास्तीची कड, हवा. मग प्रत्येक फ्रेम छापण्याच्या मापात, इंचाला ३०० पिक्सेल ठेवून, ०१, ०२ अशा क्रमाने नाव देऊन वेगळी द्यावी. थ्रीडीसाठी लेयर न मिटवलेली फोटोशॉप फाइल द्यावी. पाठीवर थेट छपाई होते तिथे चित्र आरशातल्यासारखं उलटं करावं लागतं; ते काम छापखान्याचं. ग्राहकानेही उलटं करून दिलं की अक्षरं पुन्हा उलटी होतात.

घरच्या प्रिंटरवर प्रयोग करायचा असेल तर मासुजी सुतो यांचं स्टिरिओफोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर इंटरलेसिंग करून देतं. पण त्याआधी पिच टेस्ट, म्हणजे शीटच्या खऱ्या एलपीआयची चाचणी, केल्याशिवाय एकही चित्र छापू नये. ७५ म्हणून विकलेली शीट मोजल्यावर नेमकी ७५ भरतेच असं नाही, आणि तो आकडा किती भासेल हे पाहण्याच्या अंतरावरही अवलंबून असतं. म्हणून अगदी थोड्याथोड्या फरकाच्या आकड्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या छापून त्यावर शीट ठेवतात. ठरलेल्या अंतरावरून, एक डोळा मिटून पाहताना जी पट्टी कडेपासून कडेपर्यंत एकदम काळी आणि एकदम पांढरी होते, तो आकडा खरा. इंटरलेस झालेल्या फाइलला त्यानंतर हात लावू नये. तिचं माप बदललं, ती जेपेग करून व्हॉट्सॲपवर पाठवली किंवा छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला, की पट्ट्या आणि भिंगं यांचा मेळ कायमचा तुटतो. प्रिंटर दोन्ही दिशांनी छापत असेल तर तो वेगवान पर्यायही बंद ठेवावा.

शेवटी नमुना. पुष्कळ ठिकाणी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाठवून मंजुरी मागतात. व्हिडिओत सगळं छानच दिसतं, कारण कॅमेऱ्याला एकच डोळा असतो: दोन डोळ्यांमुळे होणारा चिखल त्यात येत नाही आणि थ्रीडीची खोलीही कळत नाही. प्रत्यक्ष शीट मागवावी, कार्ड असेल तर हातभर अंतरावर आणि पोस्टर असेल तर भिंतीला लावून पाहावं, ट्यूबलाइटखाली आणि दिवसाच्या उजेडातही पाहावं, आणि मगच उरलेल्या प्रतींना होकार द्यावा.